मनोऱ्याचा पत्ता

वनखात्याच्या नकाशाघरात सात कपाटं, चार संगणक आणि एक बिनचूकराव होते. बिनचूकराव हे त्यांचं खरं नाव नव्हे, हे सांगायला नको. पण माणसाने बावीस वर्षं दुसऱ्यांच्या चुकांभोवती लाल पेन्सिलीने गोल काढून कागद परत पाठवले, की लोक त्याला नावं ठेवतात, आणि त्यातलं एखादं टिकतं. हे टिकलं. घरी बायकोसुद्धा दळण आणायला सांगताना "अहो बिनचूक" म्हणे. तिच्या तोंडी त्याचा अर्थ मात्र रोज वेगळा असे.

उन्हाळा तोंडावर आला आणि मोठ्या साहेबांनी हुकूम काढला, की वणव्याचा हंगाम सुरू व्हायच्या आत सगळ्या खात्याचा मिळून एकच नकाशा तयार व्हावा. मुदत तीन आठवडे. हुकूम दोन ओळींचा होता. मोठे साहेब मोठ्या कामांना नेहमी दोनच ओळी देत. टाचण्या मागवायच्या असल्या तर दीड पान.

तोवर खात्यात तीन शाखा होत्या आणि तीन नकाशे. वृक्षशाखेच्या नकाशात झाडं होती, पण झाडांपर्यंत जायला वाट नव्हती. रस्तेशाखेच्या नकाशात वाटा होत्या, त्या कशातून जातात याची शाखेला फिकीर नव्हती. आगशाखेच्या भिंतीवरच्या नकाशात दोन्ही नव्हतं, नुसत्या तांबड्या टाचण्या होत्या. या तीन शाखा एकाच इमारतीत बसत, एकाच जिन्याने चढत आणि एकमेकींना टपालाने पत्रं पाठवत.

बिनचूकरावांनी तिन्ही नकाशे संगणकात घेऊन एकावर एक रचले. बघतात तर नदी टेकडीच्या माथ्यावरून वाहतेय, एक रस्ता तळ्यात शिरतोय तो बाहेरच येत नाही, आणि जंगलात टेहळणीचे मनोरे तीन. आता, नदी समजू शकते. रस्ताही समजू शकतो. पण जंगलात मनोरा एकच आहे, हे खात्यातल्या शिपायालाही ठाऊक होतं. त्या मनोऱ्यावर एक पहारेकरी बसतो, धूर दिसला की पितळी चकतीवरून त्याची दिशा मोजतो आणि बिनतारी संचावरून आगशाखेला कळवतो, आणि आगशाखा मनोऱ्यापासून तितक्या अंशात दोरा ताणून आगीची जागा ठरवते. म्हणजे मनोराच हलला, तर आग हलली.

बिनचूकराव तिन्ही शाखांमध्ये जाऊन आले.

"आमचा नकाशा सगळ्यात जुना आहे," वृक्षशाखाप्रमुख म्हणाले. "मनोरा घडीवर येतो, त्यामुळे जरा पुसट आहे. पण घडी बरोबर आहे."

"रस्ता जिथं संपतो तिथं मनोरा," रस्तेशाखाप्रमुखांनी सांगितलं. "मनोरा नसता तर तिथवर रस्ता कशाला केला असता आम्ही?"

आगशाखाप्रमुखांनी नकाशाकडे बोटसुद्धा दाखवलं नाही. "आमची टाचणी अकरा वर्षं एकाच भोकात आहे," ते म्हणाले. "टाचणी हलवता येते हो, भोक कसं हलवणार?"

शेवटी बिनचूकरावांनी पहारेकऱ्यालाच बिनतारीवर गाठलं.

"तुम्ही आत्ता कुठे आहात?"

"मनोऱ्यावर, साहेब."

"आणि मनोरा कुठे आहे?"

"माझ्या खाली," पहारेकरी म्हणाला. मग साहेबांचं समाधान झालं नसावं असं वाटून त्याने भर घातली, "फाट्यावरून उजवीकडे वळायचं. पुढे जळकं झाड लागतं, तिथून वर."

जळकं झाड ही नोंद कुठल्या रकान्यात भरायची, हे बिनचूकरावांना कळेना. त्यांनी आभार मानून संच बंद केला.

घरी येऊन हे सगळं त्यांनी बायकोला सांगितलं, ही त्यांची चूक झाली. कारण तेव्हा वरच्या मजल्यावरचे सल्लागार वर्तमानपत्र परत द्यायला आले होते. हे गृहस्थ आयुष्यभर विमा कंपनीत होते. सल्लागारपद त्यांनी निवृत्तीनंतर स्वतःहून घेतलं होतं.

"सोपं आहे," ते म्हणाले. "तिन्हींची सरासरी काढा. आपल्या इमारतीत पाण्याच्या वेळेवरून भांडण होतं, आठवतंय ना? तिन्ही मजल्यांची सरासरी काढली मी."

"पण मग पाणी कधी येतं?" बायकोने विचारलं.

"येत नाही. पण वाद मिटला."

कोपऱ्यातल्या आरामखुर्चीत सासरे बसले होते. सासरे म्हणजे निवृत्त मोजणीदार. छत्तीस वर्षं त्यांनी लोकांच्या जमिनी मोजल्या होत्या. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी म्हणून लेकीकडे आले, डोळे बरे झाले, आणि मग जावयाच्या घरात त्यांना जे जे स्पष्ट दिसू लागलं ते नीट केल्याशिवाय जाणं त्यांना प्रशस्त वाटेना.

"जावईबापू," ते म्हणाले, "मनोरा ही वस्तू जाऊन बघायची असते."

"मी सोमवारी खात्याची जीप घेऊन जातोच आहे, बाबा."

"मीही येतो."

"घेऊन जा हो," बायको घाईघाईने म्हणाली. "दिवसभर दोघंही बाहेर राहाल."

जीपसाठी अर्ज भरावा लागे. वाहनवाटपाच्या बाईंनी अर्ज वाचला आणि 'जाण्याचे ठिकाण' या रकान्यावर पेन ठेवलं. "मनोरा म्हणजे कुठला? तीन आहेत म्हणे."

"कुठला खरा, तेच बघायला चाललोय."

"ठिकाण माहीत नसेल तर जीप देता येत नाही."

"माहीत असतं तर कशाला गेलो असतो?"

"माहीत असेल तर जायची गरज काय, असं वरून विचारतात," बाई म्हणाल्या. त्या वाईट नव्हत्या. त्यांनी एक ठिकाण निवडायचाही सल्ला दिला. पण एक निवडलं तर उरलेल्या दोन शाखांची हरकत येणार, आणि हरकतीच्या सुनावणीला महिना. तीन तिघाडा काम बिघाडा म्हणतात ते उगीच नाही. बिनचूकरावांनी अर्ज खिशात घातला, जागा मोजायचं हातातलं यंत्र सहीनिशी घेतलं, आणि सोमवारी सकाळी सासऱ्यांना मागे बसवून स्वतःच्या स्कूटरवरून जंगलाचा रस्ता धरला.

वृक्षशाखेच्या जागी कोंबड्या होत्या. लांबलचक पत्र्याची शेड, आणि तिच्यात दोन-तीन हजार कोंबड्या एकाच विषयावर बोलत होत्या. मालक म्हणाला, मनोरा इथे आजोबांच्या काळापासून नाही, अंडी मात्र आहेत. सासऱ्यांना ताज्या अंड्यांचा मोह आवरेना. त्यांनी दोन डझन घेऊन मांडीवर धरली.

रस्तेशाखेच्या जागी रस्ता खरोखरच संपत होता. इथवर शाखेचं म्हणणं खरं होतं. पुढे दगडांचा ढीग, आणि ढिगावर पाटी, 'पुढे काम चालू'. पाटीच्या खांबावर वेल चढून तिला शेंगा धरल्या होत्या.

आगशाखेच्या जागेपर्यंत वाट अशी नव्हतीच. यंत्र बाण दाखवत होतं, बिनचूकराव बाण बघत होते, आणि समोर कोणीच बघत नव्हतं. बाण 'आपण पोहोचलात' म्हणाला तेव्हा स्कूटरचं पुढचं चाक एका अर्धवट आटलेल्या तळ्याच्या चिखलात बुडालं होतं. मागचं चाक त्याच्या पाठोपाठ निघालं. बिनचूकराव डाव्या अंगावर पडले आणि सासरे त्यांच्यावर. अंडी मधे होती.

"लागलं का बाबा?"

"मला नाही," सासरे म्हणाले. "चोवीस होती."

स्कूटर काही हलेना. बिनचूकराव घोटाभर चिखलात उभे राहून रुमालाने यंत्र पुसत होते, कपाळावरून पिवळा बलक ओघळत होता, आणि बावीस वर्षांच्या नोकरीत आपण नेमकं काय कमावलं असा प्रश्न त्यांना पडला होता. तेवढ्यात सासऱ्यांनी ऑपरेशन झालेल्या डोळ्यावर हात धरून पलीकडच्या टेकडीकडे बघितलं.

"जावईबापू, ते काय आहे?"

ते म्हणजे मनोरा होता. तिन्ही नकाशांना चुकवून, चौथ्याच ठिकाणी, बगळ्यासारखा एका जागी शांत उभा.

दीड तास चढून दोघं पोचले. वाटेत फाटा लागला, पुढे जळकं झाडही लागलं. बिनचूकरावांनी त्याच्याकडे बघणं टाळलं. मनोऱ्यावर शंभराच्या वर पायऱ्या होत्या. सासरे वर आधी पोचले.

पहारेकऱ्याने पाणी दिलं. चाळिशीचा, कमी बोलणारा माणूस. खाली उताराच्या पायथ्याशी खात्याची रोपवाटिका होती. चाळीस हजार रोपं, आणि शेजारी त्याची दोन खोल्यांची घरवजा चौकी. एक बाई झारीने रोपांना पाणी घालत होती.

"बायको माझी," तो म्हणाला. "रोपवाटिका तीच बघते."

बिनचूकरावांनी यंत्र कठड्यावर ठेवलं. आकडे थरथरले आणि स्थिर झाले. बिनचूकरावांना सगळं विसरायला झालं, चिखल, बलक, जीप. जगात कोणालाही ठाऊक नसलेली एक जागा आता त्यांना सहा दशांशांपर्यंत ठाऊक होती.

"साहेब," पहारेकरी म्हणाला, "धूर."

पूर्वेच्या घळीतून करड्या धुराची एक शेंडी वर येत होती. वारा रोपवाटिकेच्या दिशेने होता. पहारेकऱ्याने चकती फिरवली, संच उचलला, आणि रोजचं काम असावं तसा एकशे चौदा अंश, अंतर अंदाजे दोन किलोमीटर, असं कळवलं. आगशाखेने 'नोंद घेतली' म्हटलं. पंचवीस मिनिटांत जंगलाच्या रस्त्यावर तांबडा बंब दिसू लागला. वरून तो काडेपेटीएवढा दिसत होता. फाट्यावर आला, आणि मोठ्या आत्मविश्वासाने डावीकडे वळून तळ्याकडे चालता झाला.

'आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी' या म्हणीचा वाक्यात उपयोग बिनचूकरावांनी शाळेत केला होता. डोळ्यांनी बघायचा योग आज आला. त्यांनी पहारेकऱ्याच्या हातातून संच घेतला.

"मी मनोऱ्यावरून बोलतोय. बंब चुकीच्या दिशेला चाललाय."

"कुठल्या मनोऱ्यावरून?" आगशाखाप्रमुखांनी शांतपणे विचारलं.

"ज्यावर मी उभा आहे, त्या."

"ती जागा आमच्या नकाशात आहे का?"

"नाही."

"मग तिथून दिसलेली आग आम्ही कशी धरणार? तुम्ही नकाशाघरातले. तुम्हाला सांगायला हवं का? लेखी कळवा."

धूर आता काळा होऊ लागला होता. खाली बाईने झारी ठेवली आणि बादली उचलली.

"बंबवाल्याचा फोन नंबर कोणाकडे असेल?" बिनचूकरावांनी विचारलं.

"माझ्याकडे आहे," पहारेकरी म्हणाला. "मेहुणा आहे माझा."

"अहो, मग इतकी वर्षं थेट त्यालाच का नाही सांगितलंत?"

पहारेकरी अवघडला. "मनाई आहे ना साहेब. ठिकाण शाखेमार्फत आणि अंशातच कळवावं, झाडाझुडपांच्या खाणाखुणा सांगू नयेत, असा कागद आलाय. खाली लावलाय दाराला."

बिनचूकरावांना तो कागद बघायची गरज नव्हती. अकरा वर्षांपूर्वी तो त्यांनीच लिहिला होता. त्यातला 'झाडाझुडपांच्या' हा शब्द त्यांना त्या वेळी विशेष आवडला होता.

"मग बंब येत नसताना आगी विझवल्या कोणी?"

"आम्ही दोघं झोडपतो ओल्या फांद्यांनी. बाकीच्या जाळरेषेला, गवत जाळून मोकळ्या ठेवलेल्या पट्ट्याला, येऊन मरतात. आज वारा वेगळा आहे." त्याने पायरीवर पाय ठेवला होता. "मी उतरतो, साहेब. ती एकटी आहे."

तो फोन त्यांच्या हातात देऊन धाडधाड खाली गेला. बिनचूकरावांनी नंबर लावला आणि बंबवाल्याला अक्षांश सांगायला सुरुवात केली. तिसऱ्या दशांशाला बंबवाला म्हणाला, "साहेब, मी गाडी चालवतोय. आकडे नका सांगू. काय दिसतं ते सांगा."

बिनचूकरावांनी यंत्र खाली ठेवलं. आयुष्यात त्यांनी कुणाला असा पत्ता सांगितला नव्हता.

"फाटा म्हणा," सासरे कानाशी म्हणाले.

"फाटा," बिनचूकराव म्हणाले. "मागे फिरा, फाट्यावर या. तिथून उजवीकडे. पुढे एक... जळकं झाड लागेल. उजवीकडे वाकलंय, म्हातारा चप्पल शोधत असल्यासारखं. तिथं वर यायचं नाही, खाली उतरायचं. डाव्या हाताला मोठा दगड, तो सोडा. पुढे धूर दिसेल, तो मात्र सोडू नका."

"असं सांगा की," बंबवाला म्हणाला.

काडेपेटी थांबली, वळली आणि परत निघाली. बंब पोचला तेव्हा आग रोपांच्या पहिल्या ओळीपासून तीसएक पावलांवर होती. नवरा-बायको फांद्यांनी झोडपत होते, मेहुण्याने नळी सोडली, आणि वर सासरे-जावई कठडा गच्च धरून उभे होते. दुपार कलेपर्यंत घळीतून नुसती पांढरी वाफ येत होती. चाळीस हजारांतली रोपं गेली एकशे दहा. मोजणी सासऱ्यांनी केली.

स्कूटर बंबाने दोर लावून तळ्यातून ओढून काढली. घरी पोचले तेव्हा जिन्यात सल्लागार उभे होते. त्यांनी जावयाच्या कपाळावरचं वाळलेलं अंडं नीट बघून घेतलं.

"सरासरी काढायला काय हरकत होती?" ते म्हणाले.

शाबासकीची अपेक्षा नाही असं बिनचूकराव चार दिवस सगळ्यांना सांगत होते. पाचव्या दिवशी लखोटा आला. आत कारणे दाखवा नोटीस होती. 'बंब घटनास्थळी पोचला असता आग जळत असल्याचे आढळून आले. गेल्या अकरा वर्षांत असा प्रकार घडलेला नाही. याबाबत आपला खुलासा सादर करावा.'

बैठकीत उलगडा झाला. बंब पोचला तेव्हा आग विझलेली होती, असा आगशाखेचा अकरा वर्षांचा अखंड अहवाल होता. प्रत्येक वेळी, शंभर टक्के. त्याबद्दल वरून ढाल मिळे. अकरा ढाली प्रमुखांच्या खोलीत ओळीने लावलेल्या होत्या, आणि बाराव्या खिळ्याला यंदा काही लागणार नव्हतं.

"बंब जिथे जात होता तिथे आग नव्हतीच," बिनचूकराव म्हणाले.

"तेच तर म्हणतोय मी," प्रमुख म्हणाले. "एकदाही नव्हती."

मोठे साहेब सगळ्यांचं ऐकून घेणारे होते. त्यांनी चारही जागा फळ्यावर लिहिल्या. तिन्ही शाखांनी आपापला मुद्दा मांडला, चौथ्या जागेची बाजू मांडायला शाखाच नव्हती. मग साहेबांनी निर्णय दिला. एकत्रित नकाशा, तिन्ही मनोऱ्यांसह, मंजूर. नकाशात आहेत म्हटल्यावर ते जमिनीवरही असायला हवेत, म्हणून तिन्ही ठिकाणी नवे मनोरे बांधावेत. सध्याचा मनोरा कुठल्याच नकाशात नसल्यामुळे तो अनधिकृत ठरतो. त्याला पाडण्याची नोटीस बजावावी. ती बजावून पोच मिळाल्याशिवाय पाडकाम करता येणार नाही. नोटीस नकाशाघराने काढावी.

"तुमच्याइतकं बिनचूक कोण काढणार?" साहेब आपुलकीने म्हणाले. खुलाशाचं प्रकरण त्यांनी ताकीद देऊन मिटवलं. यापुढे वेळेवर पोचताना संबंधित शाखेची पूर्वपरवानगी घ्यावी, अशी ती ताकीद होती.

बिनचूकराव दोन दिवस नीट जेवले नाहीत. नोटीस लिहायला त्यांनी तीन वेळा कागद घेतला. जागा त्यांना पाठ होती, सहा दशांशांपर्यंत. लिहायची, की आठवड्यात मनोरा भुईसपाट. तिसऱ्या वेळी सासरे मागे येऊन उभे राहिले.

"पत्ता काय घालणार, जावईबापू?"

बिनचूकरावांनी कोरं पाकीट पुढे ओढलं. "पत्ता मंजूर नकाशाप्रमाणेच घालावा लागेल," ते म्हणाले. "दुसरा घालायचा मला अधिकारच नाही."

त्यांनी तीन प्रती काढल्या आणि तीन मंजूर जागांवर तीन पाकिटं रवाना केली. दहा दिवसांत तिन्ही परत आली. वर टपालवाल्याचा शेरा, 'या पत्त्यावर मनोरा नाही'. बिनचूकरावांनी ती फायलीला लावली, नोटीस बजावता आली नाही असं वर कळवलं, आणि वरून उत्तर आलं, पुन्हा बजावावी.

तेव्हापासून हे काम दर महिन्याच्या पहिल्या तारखेला होतं. परवाही ते लिहायला बसले होते, तर मधेच फोन वाजला. बंबवाला होता. उत्तरेकडच्या उतारावर धूर दिसतोय, मेहुण्याचा फोन आला होता, पण नाल्यापाशी दोन वाटा फुटतात, साहेब कुठली धरू? बिनचूकराव म्हणाले, जिथे दगडावर दगड बसलाय ती. पोचल्यावर कळवा. आणि अहवालात आग विझलेली होती असंच लिहा, प्रमुखांचा खिळा रिकामा आहे.

मग त्यांनी फोन ठेवला, पेन उघडलं, पहिल्या पाकिटावर सुवाच्य अक्षरात मनोऱ्याचा पत्ता लिहिला, एकही आकडा चुकला नाही ना हे दोनदा तपासून पाहिलं, आणि पाकीट टपालात दिलं.